गुरुवारचा बास

।। श्री दत्त प्रसन्न ।।
एक्सिटर, ६ मार्च २००७

ती. वन्संना वैजयंतीचा सा. न. वि. वि.

तुमच्या बंधुराजांचा कारभार कळवते. उदयने रीडिंगला स्वतःच्या घराजवळ आम्हां दोघांसाठी फ्लॅट पाहून ठेवलाय. मला नातीजवळ, तनूजवळ, जायचंय. ह्यांना मात्र नदी सोडवत नाही. शेवटी पैज लागली. पंधरा तारखेपर्यंत ह्यांनी एक बास मासा पकडून माझ्या स्वयंपाकघरात आणला तर इथेच राहायचं, नाहीतर रीडिंग. सोळाला उदयला उत्तर द्यायचंय.

नदीला पूर आलाय, पाणी चहासारखं गढूळ. रिटायर झाल्यापासून दोन वर्षांत ह्यांच्या गळाला शेवाळ लागलं आणि एक मोडकी छत्री. तरी रोज भरतीची वेळ बघून जातात आणि सर्दी घेऊन येतात. मी पातेली बांधायला काढलीत.

मायेत अंतर नसावं.
आपली
वैजयंती


स्लाऊ, ९ मार्च २००७

चि. सौ. वैजयंतीस अ. उ. आ.

पत्र वाचून श्रीकांतची कीव आली. पेणला असताना हा बाजारातून जिताडा आणायचा आणि खाडीत मीच पकडला म्हणून सांगायचा. तेव्हा पिशवी तपासून घे.

पण बये, कॅलेंडर पाहिलंस का? पंधराला गुरुवार आहे. गुरुवारी तुझ्या घरात अंडं शिरत नाही, मासा कुठला शिरतोय? तो भोळा, त्याने वार पाहिला नसणार. तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही, पण मनात आलं खरं.

पुरात काठावर पाय जपून ठेव म्हणावं त्याला.
तुम्हां दोघांची
रेखा


।। श्री दत्त प्रसन्न ।।
एक्सिटर, १६ मार्च २००७

ती. वन्संना सा. न. वि. वि.

वार मी पाहिला होता. तुमच्याशी खोटं कशाला लिहू?

काल शेवटचा दिवस. मी थर्मास घेऊन मागोमाग गेले. पुलाच्या खांबामागे पाणी जरा संथ होतं, तिथे ह्यांनी गळ टाकला आणि थोड्या वेळाने काठी वाकली. चांगला हातभर मासा, लख्ख रुपेरी. शेजारचा गोरा म्हातारा म्हणाला, माझ्या फ्रिजमध्ये ठेवतो, उद्या घेऊन जा. हे नको म्हणाले. पैज आजच्यापुरती आहे आणि आज हिचा गुरुवार. वाकून मासा हळूच पाण्यात सोडला आणि मला म्हणाले, चहा दे, मग रीडिंगला जाऊ.

आज सकाळी ह्यांच्या नकळत मी उदयला फोन केला. फ्लॅट नको म्हणून कळव, तनूला ईस्टरच्या सुट्टीत इकडे धाड. काय झालं विचारत होता. म्हटलं, पैज मी हरले.

ह्यांना अजून बोलले नाही. आतल्या खोलीत बसून काठ्या, तंगूस, गळ, सगळं खोक्यांत भरतायत. ती खोली आवरा म्हणून दोन वर्षं मी घसा कोरडा करतेय. शेवटचं खोकं भरून होऊ दे, मग सांगते.

मला खुशाल लबाड म्हणा, पण माया आहे तेवढी असू द्या.
आपली
वैजयंती