नकाशात नसलेला आड

३ मे १९४६
पुण्याहून सांगलीमार्गे घरी. प्राध्यापकांनी सुट्टीचं काम दिलंय: आपल्या गावात कोण कुठे पाणी भरतं. समाजशास्त्राच्या शाखा त्यांनी फळ्यावर लिहिल्या होत्या. कुटुंब, जात, धर्म, श्रम. अण्णा हसले. "समाज शिकायला पुण्याला कशाला जायाला पायजे? दारात हाय की."

७ मे
सात आड पाहिले. नकाशा काढला. कुठे कोण भरतं, कोण नाही. काका अण्णांना म्हणाले, पोरीला तलाठी केलीसा काय.

९ मे
महारवाड्यातली भागू पाण्याला आली. तिला नकाशा दाखवला. कागदाला बोट न टेकवता तिने ते वरून फिरवलं.
"आक्का, लय फिरलासा. तुमचा आड कुटं हाय ह्यात?"
नव्हता. विसरले नव्हते. तो मला आड वाटलाच नव्हता. घर वाटलं होतं.

११ मे
सकाळभर परसात बसले. आईने पाणी गाळलं. कापडात राहिलेली जिवाणी, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, भांडं खाली सोडून अलगद आडात परत घातली. जैन घरातल्या नेमाप्रमाणे, रोजच्यासारखी. पलीकडे भागू घागर घेऊन उभी. कुणी वरून ओतेल तेव्हा तिला पाणी. ऊन चिंचेवर येईपर्यंत.
लिहिलं: डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला या आडात परत जाता येतं. भागूला त्याच्या काठाला येता येत नाही.
विशेषण घातलं नाही.
चारी शाखा एकाच रहाटावर. फळ्यावर त्यांच्या मधे जागा सोडली होती.

१२ मे
अण्णांनी वाचलं. नकाशा चांगला, शेवटचं पान काढायचं. नाहीतर जूनपासून पुणं बंद. धर्माची थट्टा केलीस म्हणाले.
"सात आडांचं वाचताना मान डोलवत होतासा, अण्णा."
ते उठून गेले.
मातीचा, रोगांचा अभ्यास केला तर घर चिडत नाही. समाजाचा केला की चिडतं. म्हणूनच करायचा.

१४ मे
आईला पान वाचून दाखवलं. तिने गाळायचं कापड वाळत घातलं. मग म्हणाली, "माझं गाळणं लिवलंस, तिचं उभं राहणं लिवलंस. ओतायला मीच उशीर करते, ते न्हाई लिवलंस."
लिहिलं. पान एक होतं, दीड झालं.

१६ मे
सांगलीच्या पोस्टात प्राध्यापकांच्या नावाचं पाकीट टाकून आले, शेवटचं पान आत ठेवून. अण्णा बोलत नाहीत. जूनचं कुणी काढत नाही.

१७ मे
भागू आली. आडाचा दोर तिच्यापुढे धरला. ओसरीवर अण्णा उभे राहिले. आईचा हात कापडावर थांबला.
भागू दोराकडे बघत राहिली. "तुमी पुण्याला जाशिला, आक्का. मी हितंच हाय."
तिची घागर मी भरली. दोर रहाटावर परत टांगला नाही. काठावर ठेवला, तिच्या बाजूला.
संध्याकाळ झाली. अजून तिथेच आहे. अण्णांनीही उचललेला नाही.