चादर त्यांनी का धुतली

नारपोली, भिवंडी
१२ जानेवारी २००५

ती. सौ. शेवंताअक्का हिस,
ललिताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी खुशाली कळली. माझे टाके सुकले, पण पाण्याची कळशी अजून उचलायची नाही. गर्भाशय काढलं, कॅन्सर गेला, रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पूर्वीसारखं राहा. ते कसं राहायचं, ते मात्र सांगितलं नाही.

इस्पितळात आनंदीबाई म्हणून एक समुपदेशक आहेत. रोज सकाळी बसायचं, श्वासाकडे बघायचं, मग टाक्यांवर हात ठेवून जे वाटेल ते वाटू द्यायचं, असं त्या शिकवतात. मी म्हटलं, हे तर आमच्या विहारातलं आनापान. त्या हसून म्हणाल्या, तेच, पण विहारात बेंबीखाली हात ठेवा असं कोणी सांगत नाही.

वाण्याच्या फोनवर बोलता येत नाही ते आता लिहिते. डॉक्टरीणबाईंची परवानगी मिळाल्यावर हे एकदाच जवळ आले. तेव्हापासून यंत्रमागाच्या कारखान्यात रातपाळी मागून घेतली आहे. दिवसा भिंतीकडे तोंड करून झोपतात. तसे माझं सगळं करतात, त्या सकाळी मी उठायच्या आत चादरसुद्धा धुऊन टाकली. पण आता मी त्यांना नकोशी झाले, असं मनातून जात नाही.

दाजींना जयभीम. तुझी माया आहे म्हणून एवढं लिहिलं.

तुझी,
ललिता

महाड
२० जानेवारी २००५

चि. सौ. ललिता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

असलं पुन्हा आंतरदेशीय पत्रावर लिहू नकोस. आमचा पोस्टमन कडेने डोकावून वाचतो, याची मला खात्री आहे. पाकीट चिकटवून पाठव.

त्या आनंदीबाईंवर माझा विश्वास नाही. फुकट शिकवतात म्हणजे पुढे तेल तरी विकतील नाहीतर पुस्तक तरी. आणि डोळे मिटून बसशील तर समोर काय चाललंय ते दिसणार कसं?

यादवराव सरळ माणूस, असं मीच लग्नात म्हटलं होतं. पण पुरुषमाणूस आपणहून चादर धुतो, तो काहीतरी लपवायलाच. वर रातपाळी मागून घेतो. तो कारखान्यात असतो की आणखी कुठे, हे तू पाहिलंस का? डबा घे आणि न सांगता जाऊन थडक. शर्टाचा वास घे.

तुझे दाजी बरे आहेत. टीव्हीपुढून हलत नाहीत, त्यामुळे संशय घ्यायचीही सोय नाही. जिवाला जप.

तुझी,
अक्का

नारपोली
९ फेब्रुवारी २००५

ती. सौ. अक्का हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं ऐकलं. संध्याकाळी यांची रातपाळी सुरू झाल्यावर डबा घेऊन कारखान्यात गेले. हे तिथेच होते, बिघडलेल्या लूमखाली. शर्टाला तेलाचाच वास होता. मला बघून त्यांच्या हातातला पाना पडला. त्यांना वाटलं, माझं काही बिनसलं.

लूमच्या आवाजात बोलता येईना, म्हणून बाहेर चहावाल्याकडे गेलो. तोंडात तुझेच प्रश्न होते. पण आधी पोटावर हात ठेवून श्वास घेतला, तेव्हा कळलं की मी रागावले नव्हते, घाबरले होते. म्हणून त्यांनाही तेच विचारलं, की तुम्ही कशाला घाबरता.

तेलाचे हात पुसत म्हणाले, चादरीवर रक्त होतं. आपल्यामुळे टाके उसवले, असं त्यांना वाटलं. मी घाबरेन म्हणून धुऊन टाकली. चालू लूममध्ये हात घालायचा न्हाय हे पोरांना मीच शिकवतो, आन् घरी मीच घातला, असं म्हणाले. घरी राहिलो तर मन आवरणार न्हाय, म्हणून रातपाळी.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेलो. आतल्या टाक्याजवळची जागा नाजूक होती, औषध लावलं, घाबरण्यासारखं काही नाही. मात्र रक्त दिसलं की लपवायचं नाही, लगेच दाखवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी यांना चांगलं खडसावलं.

आनंदीबाईंनी घरी करायला सांगितलं ते असं, माझ्या हातावर यांचा हात, दोघांचा श्वास, पुढे काही नाही. कोणीही केव्हाही हात काढावा. पहिल्या दिवशी हे सारखे दुखतंय का, विचारत होते. मी एरवी सवयीने नाही म्हणते. त्या दिवशी नीट लक्ष देऊन सांगितलं, इथे दुखतं, इथे नाही, इथे काहीच कळत नाही. तर यांनी हात तिथेच ठेवला, जिथे काही कळत नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी रडले, अक्का. हेही रडले.

सोमवारपासून दिवसपाळी घेतली आहे. बाकीचं चिकटवलेल्या पाकिटातही लिहिणार नाही. माया राहू दे.

तुझी,
ललिता

महाड
१७ फेब्रुवारी २००५

चि. सौ. ललिता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून तांदळाच्या डब्यात ठेवलं. यादवरावांना माझा जयभीम सांग. मी काय काय लिहिलं होतं ते सांगू नकोस.

आनंदीबाईंनी तेल विकलं नाही, एवढं मी मान्य करते. अजून विकणारच नाहीत असं नाही.

काल हे टीव्ही बघत होते, तेव्हा मी शेजारी जाऊन बसले. किती वर्षांनी बसले ते आठवत नाही. त्यांनी संशयाने बघितलं आणि काय पाहिजे म्हणून विचारलं. मी उठून भांडी घासायला गेले.

मला ऑपरेशन झालेलं नाही, कुठे टाका नाही. तरी हात कुठे ठेवायचा, ते आनंदीबाईंना विचारून कळव. नाव माझं सांगू नकोस.

तुझी,
अक्का