काकांची उलटतपासणी

प्रिय काडी,

तुझं पत्र येऊन आज बावीस दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की "तू कशी आहेस? मी बरी आहे" एवढं होतं आणि हात थांबतो, कारण पुढचं सगळं त्या 'बरी आहे'ला खोटं पाडणारं असतं. चार कागद फाडले. ऑफिसात दिवसाला दहा पानं खरडणारी मी, मला तुला एक पान लिहिता येईना. आता लिहितेच आहे, तर तू हे एकटीनं वाच. काका शेजारच्या खोलीत असतील तर दार लोटून घे. त्यांना काय सांगायचं आणि कसं, ते वाचून झाल्यावर तूच ठरव.

माझं काम नक्की काय, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू कौतुकानं सगळ्यांना सांगतेस, "माझी मैत्रीण सरकारी वकील आहे," आणि लोकांना वाटतं मी चोर-दरोडेखोरांना तुरुंगात धाडते. तसलं काही नाही गं. मी जिल्ह्याच्या कारभाराची वकील. शाळांची छपरं, दवाखान्यांचे करार, रस्ते, गटारं, पूल, या सगळ्यांची बाजू मी मांडायची. कुणाची गाडी खड्ड्यात आपटली, कुणाच्या भिंतीत गटाराचं पाणी मुरलं, की तो माणूस जिल्ह्यावर दावा लावतो आणि मी जिल्ह्यातर्फे उभी राहते. दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला माझी खोली. कपाटाचं दार मिटत नाही म्हणून त्याला खुर्ची टेकवलेली, आणि खिडकीतून दिसतात त्या फक्त साहेबांच्या गाड्या. तरी एकोणीस वर्षं मला हे काम आवडलं, खोटं कशाला बोलू. कितीतरी वेळा मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलंय, "साहेब, हे कायद्यात बसत नाही, करू नका," आणि त्यांनी मुकाट्यानं ऐकलंय. त्या दिवशी घरी जाताना पाय जमिनीवर नसायचे.

नर्सबाईंचा दावा माझ्याकडे आला तो मागच्या वर्षी. ओढ्यावरचा पायी जायचा पूल तुला आठवतच असेल, शाळेतून येताना ज्याच्या कठड्यावर दप्तरं ठेवून तू काडी आणि मी रेडिओ गप्पा हाणायचो. पलीकडच्या दवाखान्यात नर्सबाई सकाळच्या पाळीला चालल्या होत्या. समोरून सायकल आली म्हणून बाजूला सरकल्या, कठड्याला टेकल्या, आणि कठडाच निखळला. खाली दगड. पाठीचा कणा मोडला. बावन्न वर्षांच्या, जन्मभर दुसऱ्यांना उचलून बसवणाऱ्या बाई, आता त्यांना अंथरुणातून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात. आमच्याकडचा नियम असा की पूल खराब आहे हे कुणी आधी लेखी कळवलं असेल तरच जिल्हा जबाबदार. कळवलंच नसेल तर झाला तो निव्वळ अपघात. रस्ते विभागानं शपथेवर सांगितलं, असं पत्र आमच्याकडे आलेलं नाही. नर्सबाईंच्या वकिलाकडे एकच साक्षीदार होता, आणि तो म्हणजे तुझे बाबा.

काकांनी तुला साक्षीबद्दल किती सांगितलं, कोण जाणे. ते रोज सकाळी त्या पुलावरून फिरायला जात. झाडाची एक फांदी कठड्यावर टेकून त्याला बाहेर ढकलत होती. अपघाताच्या सहा आठवडे आधी त्यांनी पत्र लिहिलं आणि स्वतः जाऊन आवक खिडकीवर दिलं. पोच मागितली तर कारकून म्हणाला, "यंत्र बंद आहे आजोबा, उद्या या." पण पत्रावर शिक्का मारताना काकांनी पाहिला. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस तो, शिक्का वाचल्याशिवाय राहील होय! पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी सांगितलं, "शिक्क्यावर 'आवक'च्या जागी 'अवाक' होतं. मी त्या पोराला म्हटलं, अरे बाबा, तुमचं ऑफिसच अवाक झालंय, काना सरकवा जरा." अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. काकाही त्यांच्याबरोबर हसले, कारण त्यांना वाटलं, लोक शिक्क्याला हसताहेत.

मग मी उठले. काडी, हे लिहिताना मान वर होत नाही. मी खरं तर आदल्या आठवड्यातच आमच्या खात्याच्या साहेबांना म्हणाले होते, की या साक्षीदाराच्या मांडीवर मी वाढलेय, दुसऱ्या कुणाला द्या. साहेब म्हणाले, "या गावात कोण कुणाला ओळखत नाही? ओळखता तेच बरं, घाबरणार नाहीत." मी पुन्हा म्हणाले नाही. एकदा म्हटलं, कर्तव्य संपलं, असं मनाशी धरलं. मला उठलेलं पाहून काकांचा चेहरा खुलला. मी पहिला प्रश्न विचारला, तर ते म्हणाले, "हो बाळ, सांगतो ना." आणि मी न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "साक्षीदारानं वकिलांना वकीलच म्हणावं." त्यानंतर ते मला 'बाईसाहेब' म्हणत राहिले. ज्यांनी माझ्या निबंधातली एकेक वेलांटी तांबड्या पेन्सिलीनं दुरुस्त केली, ते मला शेवटपर्यंत बाईसाहेब म्हणत राहिले.

आवक खिडकीवरचा शिक्का मी पुढे ठेवला. त्यावर 'आवक' अगदी शुद्ध लिहिलेलं. "हाच का तो?" "नाही बाईसाहेब, तो निराळा होता." "म्हणजे कार्यालयानं शिक्का बदलला, असं तुमचं म्हणणं?" "बदलला असेल. मी सांगितलं होतं ना त्यांना." पुन्हा हशा. मग त्या खिडकीवर कोण होता, केस कसे होते, चष्मा होता का, असं मी विचारत गेले. थोडं चुकलं, बरंचसं बरोबर आलं. माणूस डगमगत नाही हे मला दिसत होतं. तेव्हा मी ते विचारलं. तू दोन वर्षांपूर्वी फोनवर मला रडत सांगितलं होतंस, बाबा आईच्या जाण्याचं वर्ष चुकतात, दर वेळी एक वर्ष अलीकडचं सांगतात. तू ते मैत्रिणीला सांगितलं होतंस. मी ते हत्यारासारखं जपून आणलं होतं. मी विचारलं, "आपल्या पत्नी कोणत्या वर्षी वारल्या?" त्यांनी सांगितलं. मी मृत्यूचा दाखला पुढे केला. ते त्या कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "असेल. हेच बरोबर असेल. छापलेलं आहे." मी म्हणाले, "मग पत्राबाबतही आपली चूक होऊ शकते?" आणि ते म्हणाले, "होऊ शकते, बाईसाहेब." मी खाली बसले. काकूंना पोचवायला मी स्वतः गेले होते, काडी. तुझा हात माझ्या हातात होता. मला कुठल्याच दाखल्याची गरज नव्हती.

दावा फेटाळला गेला. निकालपत्रात एक ओळ आहे, 'साक्षीदार प्रामाणिक असला तरी वयोमानानुसार त्याची स्मृती विश्वासार्ह नाही.' साहेबांनी बोलावून चहा पाजला, शाब्बास म्हणाले. मी मनाची समजूत घातली, की पत्र नव्हतंच, काकांचा खरंच घोटाळा झाला असणार, आणि मी माझं काम केलं. ही समजूत पाच आठवडे टिकली. सहाव्या आठवड्यात एका शाळेच्या जागेचा जुना नकाशा शोधायला मी तळघरातल्या दप्तरखान्यात गेले. नकाशा सापडेना म्हणून शेजारचा गठ्ठा सोडला. त्यावर 'वृक्षतोड परवानग्या' असं लिहिलेलं. चौथाच कागद काकांचा. ते अक्षर मी अंधारातही ओळखीन. पहिलंच वाक्य झाडाच्या फांदीबद्दल होतं, म्हणून कुणा महाभागानं पुढे न वाचताच ते झाडांच्या फायलीत ढकललेलं. वर कोपऱ्यात जांभळा शिक्का. 'अवाक'. खाली तारीख, काकांनी सांगितलेली, तीच. मी खोक्यावर बसले. शिक्का वाचला, पुन्हा वाचला. त्यांनी सांगितलेलं एकूण एक अक्षर खरं होतं.

आता तुला वाटेल, मी धावत वर गेले असेन. गेले, पण साहेबांकडे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आपल्याला कुणी विचारलंय का?" मी म्हणाले, नाही. "मग उत्तर कशाचं द्यायचं? अपिलाची मुदत अजून अठरा दिवस आहे. त्यांनी अपील केलं, विचारलं, तर बघू. आणि घाई कशाला, विभागाला आधी नीट शहानिशा करू दे." मला धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, निदान मी घाबरले असं म्हणता आलं असतं. मी "बरं" म्हणाले आणि कागद गठ्ठ्यात होता तिथे परत ठेवला. ते अठरा दिवस मी रोज डबा खाल्ला, फायली पाहिल्या, नव्या मुलीला नोटिशीचा मसुदा शिकवला. एकदा रस्त्यात नर्सबाईंची बहीण चाकाची खुर्ची ढकलत येताना दिसली. मी औषधाच्या दुकानात शिरले आणि नको असलेली खोकल्याची बाटली घेऊन बाहेर पडले. अठरावा दिवस गेला. अपील आलं नाही. त्यांच्या वकिलानं बहुधा त्यांना सांगितलं असणार, साक्षीदारच असा निघाला, आता काय अर्थ आहे. त्या संध्याकाळी मला हलकं वाटलं. हे तुला सांगायलाच हवं, की मला खरोखर हलकं वाटलं.

आणि चौथ्या दिवशी तुझं पत्र आलं. तू माझे आभार मानले होतेस. "तू कोर्टात बाबांना किती समजुतीनं हाताळलंस, तुझ्यामुळे आम्हाला त्यांचा आजार वेळेवर कळला." तू लिहिलंस की ते आता तुझ्याकडे राहतात, घराच्या किल्ल्या त्यांनी आपणहून तुझ्या हातात ठेवल्या, एकटे बाहेर पडत नाहीत, वर्तमानपत्र उघडतात पण पेन्सिल हातात घेत नाहीत, काही विचारलं की म्हणतात, "मला नको विचारू, माझं चुकतं." आणि शेवटी तू लिहिलंस की त्यांचे व्यवहार तू सांभाळावेस, त्यांच्या सहीची गरजच राहू नये, असे कागद मी करून द्यावेत, कारण "आमच्या विश्वासाची वकील तूच." काडी, मी ते कागद करणार नाही. तुझ्या बाबांना विसरण्याचा आजार नाही. भर कोर्टात तो मी त्यांना जडवला, तुझ्याच तोंडचं वाक्य वापरून. काकूंचं ते एक वर्ष ते चुकतात, चुकू देत. काल मी त्यांचं पत्र न्यायाधीशांपुढे ठेवलं, अर्जात माझी एकोणीस वर्षांची सही करून, मला ते कधी सापडलं त्या तारखेसह. मुदत टळल्यामुळे नर्सबाईंचा दावा पुन्हा उघडेल की नाही, अजून ठाऊक नाही. न उघडला तर तो दोषही माझाच. उघडला तर काकांना पुन्हा समन्स येईल, आणि ते दारात येण्याआधी त्यांना घरच्या माणसाच्या तोंडून कळावं, म्हणून आज हे पुरं केलं. सोबत त्यांच्या पत्राची नक्कल आहे. ती त्यांच्या हातात दे आणि किल्ल्याही परत दे. डॉक्टरांनाही हे सगळं सांग. मला उत्तर लिहू नकोस, निदान इतक्यात तरी नको. आणि काकांनी कधी विचारलंच, की ही नक्कल कुणी पाठवली, तर बाईसाहेब म्हणू नकोस, माझं खरं नाव सांग.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
रेडिओ