घरचे माणूस

२ सप्टेंबर
आज ओलेसुंदच्या कचेरीत रुजू झालो. बंदरावरची लाल लाकडी इमारत. खाली बोटींच्या सुट्या भागांचे दुकान, वर आम्ही. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मुलाला खिडकीजवळचे टेबल मिळाले! आईला फोन केला, तर तिला काळजी माझ्या शर्टांच्या इस्त्रीची.

काम नीटनेटके, मला आवडेल असे. विक्रीचा डेटाबेस आमच्याकडे, बोटदुरुस्तीचा उत्तरेला बुडोच्या कचेरीत, गिऱ्हाइके तीच. कुणी नंबर किंवा घर बदलले, तर दोन्हीकडे सारखे दिसले पाहिजे. फरक पडला, तर ज्याची दुरुस्ती शेवटची त्याचे खरे. गिऱ्हाइके समुद्रावर असतात, म्हणून प्रत्येक नोंदीत 'घरचे माणूस' असाही रकाना आहे. सवलतीत सामान घेणारे आम्ही नोकरही त्यातच. मी माझ्या नोंदीत आईचे नाव भरले.

बुडोला हेच काम आमुन्द नावाचा एक जण करतो.

९ सप्टेंबर
शुक्रवार, म्हणून कचेरीत वॅफल. मी सगळ्यांच्या चुका दाखवतो, म्हणून फोन घेणारी सुन्निवा मला 'शुद्धलेखन' म्हणते. "ए शुद्धलेखन, जाम सरकव की इकडे," म्हणाली आणि माझ्या वॅफलवर स्वतःच चीज ठेवले. दिवसभर तेच आठवत होते.

तेवढ्यात बुडोचा फोन आला. ती तो घेऊन जिन्यात गेली. परत आली तेव्हा तिचे वॅफल गार झाले होते आणि गाल लाल.

१६ सप्टेंबर
मी सुधारलेले नंबर आमुन्द पुन्हा सुधारतो. प्रत्येक वेळी त्याचेच बरोबर निघते. आमच्या साहेबीणबाई हिल्डुर म्हणाल्या की आमुन्दकडून शिक जरा. सुन्निवा म्हणाली की तो फोनवर गातो सुद्धा. मी त्याला पाहिलेले नाही. त्याचे दात कसे असतील, ते मात्र मला ठाऊक आहे असे वाटते.

२३ सप्टेंबर
आमुन्दची नोंद बदललेली आली. घरचे माणूस: सुन्निवा.

माझ्याशी ती दुपारी हसून बोलली. इतके सगळे असून हसून बोलली.

२६ सप्टेंबर
एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या, की आम्ही त्या एकत्र करतो. एक राहते, दुसरी तिच्यात जिरते. रोजचे काम आहे. आज आमुन्दची नोंद मी माझ्या नोंदीत जिरवली. यंत्राने विचारले, खात्री आहे का. हो म्हटले.

फार तर त्याची सवलत अडकेल. अडकू दे.

२७ सप्टेंबर
बुडोला फोन केला. आमुन्द नावाचे आमच्याकडे कुणी नाही, कधीच नव्हते, असे कुणी बाई म्हणाल्या.

मी दोन वॅफल खाल्ले असते, पण आज मंगळवार.

२८ सप्टेंबर
सुन्निवा मागून आली, खांद्यावर हात ठेवला. "आमुन्द, आज लवकर निघू या ना रे."

मी चूक दाखवली नाही. चूक दाखवायची माझी सवय आहे, तरीही.

३० सप्टेंबर
तिच्या घरी गेलो. फ्रीजवर फोटो — बोटीत ती आणि मी, हातात मोठा कॉड मासा. मला बोट लागते. मी कधीच —

ती माझ्याकडे बघते तेव्हा नजर थोडी पलीकडे असते. माझ्या आतल्या कुणाकडे तरी. आताही तोच. त्याचाच मत्सर.

३ ऑक्टोबर
माझी नोंद उघडली. नाव माझे राहील असे धरून चाललो होतो. पण एकत्र करतानाही शेवटच्या दुरुस्तीचेच खरे — आणि आमुन्दच्या सगळ्याच दुरुस्त्या माझ्यानंतरच्या. नाव त्याचे. जन्मतारीख त्याची. आईच्या जागी सुन्निवा.

सगळे पुसून माझे नाव लिहिले, 'सिव्हर्त'.

४ ऑक्टोबर
पुन्हा आमुन्द. दुरुस्ती बुडोहून आली आहे. बुडोला विचारले. ते काम आता इथे कुणीच करत नाही, म्हणाले. मग कोण —

५ ऑक्टोबर
आईला फोन केला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"सिव्हर्त? नाही हो, मला मूलबाळ नाही. तुम्हाला कुठला नंबर हवाय?"

मी तिला इस्त्रीचे सांगितले. रडलो. तिने विचारले, तुमच्या घरचं कुणी आहे का जवळ, त्यांना बोलवा.

६ ऑक्टोबर
कचेरीत गुणगुणत होतो. हिल्डुरबाई खूश झाल्या. ते गाणे मला येत नाही —

७ ऑक्टोबर
वरचे, कालचे अक्षर तिरके आहे. मी सरळ लिहितो. सिव्हर्त सरळ लिहितो.

सुन्निवा खाली उभी आहे. बोट तयार आहे, आमुन्द, चल — असे म्हणते. ओ दिली नाही, तर ती जाईल. मग माझे म्हणावे असे एकही माणूस — दिली तर —

पुन्हा हाक. इतक्या मायेने मला कधी कुणी —

दिली. ओ दिली मी. पण आवाज निघाला तो —