छातीवरचे चटके

४ डिसेंबर
गाठ! आईच्या छातीत, मधल्या हाडाच्या मागे, काळजाला खेटून. शहापूरच्या डॉक्टरने फिल्म उजेडात धरून दाखवली. पापण्या आपोआप मिटतात, भाकरी चावता चावता जबडा थकतो — सगळं त्या गाठीपायी. आणि आमच्या गावात, शेणव्यात, वर्षभर आईला काय म्हणतायत? ‘रंगूला झोपायचं दुखणं लागलं.’ आता सांगते एकेकाला!

११ डिसेंबर
मुंबईचं मोठं इस्पितळ. सर्जन बाई नीट समजावून बोलल्या. अशी गाठ लाखात एखाद्याला. हाड मधून कापून काढायची. ‘उशीर नको. पुढे श्वास घ्यायलाही ताकद उरणार नाही.’ १९ तारीख मिळाली. बाबांचा चेहरा पांढराफटक. आई मात्र ताठ! एसटीत मलाच म्हणते, ‘रडतेस कशाला गो? मी हाय ना.’ तिच्याकडे बघून मला धीर आला.

१७ डिसेंबर
आईला आंघोळ घालायला घेतली. छातीच्या मधोमध फोड! भाजलेल्या बिब्याचे चटके, पाणी सुटलेले. ‘कोणी केलं?’ आईने पदर छातीवर ओढला. बाबा ओट्यावरून म्हणाले, ‘मीच नेली धाकलू भगताकडं, डाग द्यायला. गाठ जिरते म्हणं.’
जिरते! अक्कल गहाण टाकली होती का? तोंडाला येईल ते बोलले. बापाला असं बोलू नये, कळतं मला. तरी बोलले. 

१९ डिसेंबर
सर्जन बाईंनी कपाळाला हात लावला. जिथं कापायचं नेमकं तिथंच जखम, आणि पिकलेली. पू हाडात गेला तर माणूस जातं म्हणाल्या. ऑपरेशन रद्द. चटके सुकल्यावर बघू.

२३ डिसेंबर
बाबांशी बोलत नाय.

२९ डिसेंबर
आईला पेज गिळवेना, नाकातून बाहेर आली. श्वास तोकडा पडला. शेजारच्या दामूकाकांनी गाडी काढली. सबंध वाट बाबा तिला ताठ बसती धरून — ‘रंगू, श्वास घे. घे गो.’ मी ओरडले, ‘तुमच्यामुळं झालं हे! मेली तर तुमी मारली!’ दामूकाकांनी वळून बघितलं. बाबांनी नाय.
आता ती इस्पितळात श्वासाच्या मशीनवर आहे. देवा, एवढी वाचव.

८ जानेवारी
जखम सुकली, अंगात जरा ताकद आली, आज गाठ कापली एकदाची. सर्जन बाई बाहेर आल्या — ‘पूर्ण निघाली. काळजाच्या आवरणाला चिकटली होती, तेवढा तुकडाही काढला.’ मी भिंतीला टेकून रडले. बाबा जवळ आले तशी उठून लांब जाऊन बसले.

११ जानेवारी
आईच्या घशातली नळी काढली. घोगऱ्या आवाजात पहिलं हेच बोलली — ‘बापाला बोलू नको. तो नाय नाय करत होता. मीच हट्टानं गेले धाकलूकडं. भ्याले गो, लय भ्याले. त्याला शपथ घातली, पोरीला सांगू नको, ती माझ्याकडं बघून उभी हाय.’
बाहेर आले. बाबा बाकावर. शेजारी जाऊन बसले.
म्हटलं, ‘बाबा, काय खाल्लं का?’