हळदीच्या करंड्यातलं कार्ड

प्रिय तात्या,

उघडलं! तुमचं मेमरी कार्ड उघडलं! बारामतीतल्या कॅमेऱ्याच्या दुकानाबाहेर पायरीवर बसून लिहितेय. घरी जाईपर्यंत कुठला दम निघतोय मला?

सुमीच्या लग्नात तुम्ही बापही होतात आणि फोटोग्राफरही. "माझ्या पोरीचं फोटो दुसरा कशाला काढंल?" म्हणालात. तेव्हा मी काय सांगत होते? एवढं मोठं एकच कार्ड नको, दोन लहान घ्या! पण तुमचं ठरलेलं, "एकच आसलं की हरवत न्हाय."

हरवलं नाहीच म्हणा! झाकण घट्ट बसतं म्हणून तुम्ही कार्डं आईच्या जुन्या करंड्यात ठेवायचात. नेमका त्या दिवशी बायकांनी तोच करंडा ओल्या हळदीला घेतला, वरवर पुसून परत दिला, आणि तुम्ही न बघता कार्ड आत टाकलंत. वर म्हणालात, "रविवारी निवांत कॉपी करू." तो रविवार तुम्ही बघितलाच नाहीत, तात्या. किती राग आला होता मला तुमचा!

दोन वर्षं कार्ड मुकं होतं. कॅमेऱ्यात घातलं की तो विचारायचा, फॉरमॅट करू का, म्हणजे सगळं पुसून टाकू का? मी घाईनं 'नाही' दाबून ते काढून घ्यायचे; कुणी पुसून टाकील म्हणून कुणाच्या हातीही दिलं नाही. सणसरच्या सासरहून सुमीचा दर सणाला फोन, "ताई, तात्यांनी काढलेला एक तरी फोटो मिळंल का गं?" मोबाइलवरचे ढिगानं होते तिच्याकडे. तिला तुमच्या हातचा हवा होता.

आज लगीनसराईसाठी नवी कार्डं घ्यायला आले होते. सहज ते जुनं दुकानदारकाकांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि हसलेच. "आवो ताई, ह्याला तर हळद लागलीया!" मग साधा खोडरबर घेतला, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या हलक्या हातानं घासल्या, ब्रशनं झाडल्या. कॉम्प्युटरला लावलं, आणि एकेक फोटो उमटायला लागला! मी दुकानात ओरडलेच हो!

पण ऐका, मी एकही फोटो मोठा करून बघितला नाही. आधी नव्या हार्ड डिस्कवर कॉपी, मग दुसरीवर. कॉपीची ती हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि मी काउंटर घट्ट धरून उभी. शिकले की नाही?

मग बघितले. सुमीचे किती फोटो काढलेत! आणि अगदी शेवटी एक वाकडा, अर्ध्या मांडवाचा. त्यात तुम्ही! सुमीची गाडी निघालीय आणि लेन्स पुसायच्या फडक्यानं तुम्ही डोळे पुसताय. आयुष्यभर सगळ्यांचे फोटो काढलेत, तुमचा असा एकही नव्हता आमच्याकडे.

पळसदेवला आईला फोन लावला. त्या फोटोचं सांगितलं. तशी ती हळूच म्हणाली, "मीच दाबलं व्हतं बटन. त्यांनी कॅमेरा खुर्चीवर ठिवला व्हता. तू त्यांना सांगू नको बाई, हात लावला म्हून वरडत्याल."

मी सांगितलं, तात्या. तिला ओरडू नका.

आता इथून थेट सणसरला निघालेय. एक डिस्क सुमीकडे राहील, एक आपल्या इंदापूरच्या स्टुडिओत. यापुढे कुणाचंही लग्न असो, दोन कार्डं वापरीन आणि कॉपी केल्याशिवाय जेवायला बसणार नाही. करंडा मात्र आईला परत देते.

तुमची,
थोरली