रिळाजवळची जागा

४ नोव्हेंबर, सोमवार

पंख आले! दोन लांब खोकी, मधे वाकतील म्हणून चार ठिकाणी फळ्या बांधलेली. कागदावर ‘आउटरिगर’ छापलंय. छापू देत बापडे. बोटीच्या दोन्ही कडांवरून बाहेर झुकणारे, पाण्यावर पसरलेले दांडे – त्यांना पंख नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आमच्या वेळी बांबू होते. हे अ‍ॅल्युमिनियमचे, आणि एका बोटावर तोलता येतील इतके हलके.

दुसऱ्या खोक्यात दोन रिळं. भुलवणीची. म्हणजे ज्या दोरीला गळ नसतो, नुसतं झगमगतं आमिष असतं, ती गुंडाळायची. आमच्या वेळी ती दोरी हातानं ओढायची. तळव्यांवर अजून खुणा आहेत.

लेक म्हणाली, “बाबा, सगळं तुम्हीच बसवायचं. तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही.”

म्हटलं, “आणि बसवल्यावर?”

“बसवा तर आधी.”

हे उत्तर नव्हे. गेल्या हंगामात एकदा डेकवर चक्कर आली आणि खाली बसलो – बसलो, पडलो नाही! – तेव्हापासून तिचा एकच हुकूम : धक्क्यापर्यंतचं तुमचं, धक्क्यापुढचं माझं. हौशी पाहुण्यांना मासेमारीला नेणाऱ्या या बोटीची कप्तान ती. मी बाप असलो म्हणून काय झालं.

पण रिळाजवळ बसायला एक माणूस लागणारच. ती जागा मला हवी आहे. बास. इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

५ नोव्हेंबर

दिवसभर मापं. बोट ट्रॉलीवर जरा तिरकी उभी आहे, तिथे पाणसळ काय कामाची! बोटीच्या नाकापासून मागच्या कडेपर्यंत दोरी ताणली आणि त्या दोरीवरून दोन्ही बाजू मोजल्या. डावा पंख उजव्याहून बोटभर जरी पुढे गेला तरी बोट पाण्यात लंगडल्यासारखी दिसते. मासा काही बोलणार नाही, पण मला दिसेल ना.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

गप्पू मदतीला होता. लेकीचा एकुलता एक खलाशी. पन्नाशीचा गडी, तोंडातून तासाला एक शब्द, म्हणून नाव गप्पू. त्यानं आज दोन शब्द खर्च केले. मी ड्रिल मारण्याआधी पाचव्यांदा माप घेतलं, तेव्हा म्हणाला, “काका, मारा.”

मारलं. छातीत धडधडलं. नव्या फायबरला भोक पाडताना अजून धडधडतं, हे बरं लक्षण म्हणायचं की वाईट?

घरी आलो तर ही म्हणते, “डोक्यात एवढी पांढरी भुकटी घेऊन आलात, केस परत उगवल्यासारखे वाटतायत.” चाळीस वर्षांत हिनं मला एकदाही सरळ वाक्यात शाबासकी दिलेली नाही.

९ नोव्हेंबर

पाठ धरली आहे. पडून राहिलो. चौथीच्या वर्गातल्या कविता आठवत होतो. गुरुजी टेबलावर पट्टीनं ताल धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं एका चालीत म्हणायचो. अर्थ कुणाला कळायचा? पण चाल अंगात भिनली, ती भिनलीच. अजून रंधा मारताना, कप्पीला तेल देताना ओठ आपोआप हलतात. आज स्वतः दोन ओळी केल्या –

*पाण्यावरती पंख पसरले, हात जरासा वळे,*
*निळ्या तळाशी जागे कोणी, वरती कुणा न कळे.*

तिसरी ओळ रिळावर करायची होती. रीळ, शीळ, पीळ... पाठीलाच पीळ बसलाय. तिथे थांबलो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पंख उभे राहिले! दोन्ही बाजूंच्या दोऱ्या कप्प्यांतून फिरवल्या, चिमटे लावले. खाली खेचली की दोरी सरसर वर जाते, काही अडत नाही. धक्क्यावरचा जाळी विणणारा म्हातारा (माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, पण म्हाताराच) येऊन बघून गेला. “नवरीसारखी सजवलीय. वरात कधी?” म्हणाला.

म्हटलं, “चोवीस तारखेला. पहिले पाहुणे येताहेत.”

“आणि तू?”

बघू, म्हणालो. त्यानं चष्म्यावरून असं पाहिलं की मला कप्पीला उगाच पुन्हा तेल द्यावं लागलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज शोभा झाली.

रिळं परवा छताच्या मागच्या आडव्या दांड्याखाली बसवली होती. आज लेक तपासायला आली. पंखांवर हात फिरवला, दोऱ्या खेचून पाहिल्या, चेहरा खुलला. मग गप्पूला म्हणाली, “बस आणि भुलवणी गुंडाळून दाखव.” तो बसला. मूठ धरायला उजवा हात नेला. मूठ नाही. वाकून डावीकडे हात घातला तर कोपर खांबावर आपटलं. दुसरं रीळ – तेच.

दोन्ही रिळांच्या मुठी डावीकडे!

मी डावखुरा. गुरुजींनी छड्या मारून लिहायला उजवा हात लावला, पण हत्यार आजही डाव्यातच येतं. आमच्या धंद्यात रीळ ज्याच्या हाताचं, जागा त्याची. दुसरा कुणी तिथे बसला तर अर्धा क्षण उशीर होतो, आणि तेवढ्यात मासा गेलेला असतो.

लेक कमरेवर हात ठेवून उभी. “बाबा, हे मुद्दाम केलंत?”

“नाही गं.”

“माझ्याशी भांडला असतात तरी चाललं असतं. हे असलं आडून...”

“अगं, शपथ! हातानं केलं. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.”

गप्पू कोपर चोळत आभाळाकडे बघत होता. ती निघून गेली.

आणि आता इथे, कुणी ऐकत नसताना विचारतो – खरंच लक्षात आलं नव्हतं? नव्हतं. पण हाताला माहीत होतं की काय, देव जाणे.

१७ नोव्हेंबर

रविवार असून गेलो. दोन्ही रिळं उतरवली. जुनी भोकं पुट्टीनं बुजवून, घासून गुळगुळीत केली. नवी भोकं पाडली. मुठी उजवीकडे. एकट्यानंच केलं, कुणाला बोलावलं नाही.

आता तिथे कुणीही बसू शकतं. काम चोख झालं. ही म्हणाली, “चांगलं केलंत.” सरळ वाक्यात! त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

१९ नोव्हेंबर

लेक सकाळी सहाला दारात. चहा उभ्यानंच प्याली. “गळकाठीवर गप्पू, सुकाणूच्या चाकावर मी. रिळावर कुणी हवं. गोळ्या वेळेवर घेणार? टोपी घालणार? चक्कर वाटली तर त्याच क्षणी सांगणार?”

तिन्हीला हो म्हणालो. चौथं काही विचारलं असतं तरी हो म्हणालो असतो.

“आणि उजव्या हाताची सवय करा. पाच दिवस आहेत.”

२० नोव्हेंबर

दिवसभर बागेचा पाइप गुंडाळला. उजव्या हातानं. ही म्हणते, झाडं वाळली तरी चालतील, पाइप तेवढा गुंडाळलेला हवा!

२२ नोव्हेंबर

लेकीला पुन्हा सगळं समजावलं. (खरं तर तिला मीच शिकवलंय.) बोट हळू चालते, दोन पंखांवरून दोन भुलवण्या मागे उड्या मारत येतात. खालच्या माशाला वाटतं, छोट्या माशांचा थवा पळतोय. तो वर येतो. चाकावरचा माणूस ओरडतो – “ओढ!” रिळावरचा माणूस भुलवणी त्याच्या तोंडासमोरून सपकन काढून घेतो. मासा चिडतो, वळतो, आणि तिथे गप्पूनं सोडलेला खरा गळ.

आणि रिळावरच्या माणसाला नियम एकच – माशाकडे बघायचं नाही. नजर रिळावर, कान कप्तानाकडे. बघितलंस तर हात मंदावला. हे मला माझ्या काकांनी सांगितलं, मी लेकीला सांगितलं, तिनं आज मला ऐकवलं. “बाबा, नियम?” “माहीत आहे गं!”

२४ नोव्हेंबर, रविवार

कसं लिहू.

पाहुणे दोन. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, दुसरा त्यांचा धाकटा भाऊ. भावाला मासा धरायचा होता. नव्या बुटांपासून टोपीपर्यंत सगळी तयारी. बाई भावाच्या आग्रहाखातर आलेल्या, पहिल्या तासातच पोट ढवळलं म्हणून मागे माझ्याजवळ येऊन बसल्या. मी म्हटलं, जिथे आभाळ आणि पाणी मिळतं त्या रेघेवर नजर ठेवा. ठेवली. बरं वाटलं त्यांना.

पंख पसरलेले. काय दिसत होती बोट! दोऱ्या गुणगुणत होत्या. भुलवण्या अगदी तालात – उडी, बुडी, उडी, बुडी. मी चाल धरली मनात. उजवा हात मुठीवर.

साडेदहाच्या सुमाराला डाव्या भुलवणीमागे पाणी काळवंडलं. लेक ओरडली, “ओढ!”

आणि मी बघितलं.

लांब सोंड, पाठीवर शीड. वर येता येता त्याच्या अंगावरून निळे पट्टे पेटत गेले. कुणी आतून दिवे लावत चालल्यासारखे. डोळा केवढा! इतक्या जवळ की तोही आमच्याकडे बघतोय असं वाटलं. आयुष्यभर हे मासे मी वर आणले आणि नजर खाली ठेवली. जिवंत, पाण्यात, पेटलेला असा एकही पाहिला नव्हता. एकही!

“बाबा! ओढा! बाबा!”

हात हललाच नाही. माशानं भुलवणी सबंध तोंडात घेतली, चावली, डोकं झाडलं, गळ नाहीच म्हटल्यावर थुंकून टाकली. एकदा कूस बदलली. गेला. गप्पूच्या हातात गळ तसाच.

भाऊसाहेब म्हणाले, “अहो आजोबा, झोपलात की काय? एवढा मासा!” मग दिवसभर दुसरा उठलाच नाही. परतीच्या वाटेवर ते बुटांकडे बघत बसले. बाई मागे पाण्याकडे तोंड करून. लेकीची नजर सरळ पुढे. धक्क्याला दोरी बांधतानासुद्धा माझ्याकडे वळली नाही.

२५ नोव्हेंबर

दुपारी आली. मी ओट्यापाशी भांडी पुसत होतो. ही मुद्दाम शेजारी निघून गेली.

“बाबा, खरं सांगा. चक्कर आली होती ना?”

हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. म्हाताऱ्याला चक्कर आली, त्यात त्याचा काय दोष. तिच्या डोळ्यांत तेच होतं, हो म्हणा एकदाचं. पण मग ती रोज घाबरली असती. फोन उचलला नाही की घाबरली असती.

“नाही,” म्हटलं. “बघत बसलो.”

“बघत बसलात?”

“सुंदर होता गं.”

ती धपकन खुर्चीवर बसली. आधी हुश्श केलं, मग चिडली. चांगली चिडली! “मी रात्रभर कूस बदलतेय, बाबांना काय झालं, बाबांना काय झालं – आणि तुम्हाला सुंदर वाटत होता!” मग उठून उरलेली भांडी पुसायला लागली. जोरात. एक बशी फुटली. हिच्या आवडीची. तुकडे दोघांनी मिळून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कचऱ्यात तळाला घातले.

जाताना म्हणाली, “पुढच्या खेपेला दुसरं कुणी बघते. रागानं नाही म्हणत.”

म्हटलं, “बरोबर आहे.” बरोबरच आहे.

२७ नोव्हेंबर

भुलवणी दुरुस्त केली. दातांनी पार ओरबाडलीय. नवी झालर लावली. मी नसलो तरी भुलवणी चांगली हवी.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो : पस्तावा होत नाहीये. व्हायला हवा, वाट बघतोय. डोळे मिटले की ते निळे पट्टे.

२८ नोव्हेंबर

तिसरी ओळ आली. रिळाशिवायच. चौथीची घाई नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा लेकीला फोन. आठवडाभर झोपेत तो मासा दिसतोय म्हणे. उद्या पाच मैत्रिणींना घेऊन येतात. गळ नको, गळकाठी नको, नुसत्या भुलवण्या. मासा जवळ येईल, बघायचा, जाऊ द्यायचा. रिळावर आजोबाच हवेत आणि आजोबांच्या शेजारची जागा त्यांना.

लेकीनं कळवून टाकलं, “बाकी सगळं मान्य. ती जागा मिळणार नाही. उद्या चाकावर गप्पू आहे, बाबांच्या शेजारी मी बसणार.”